मेलेला मायक्रोवेव्ह आणि डोंगरावरचा धूर

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान पाहिलं आणि त्याच्या पाठोपाठ हेत्वाभास पाहिले. म्हणजे कारणासारखं दिसतं, पण कारण नसतं, अशा जागा. ती ऐकून काही श्रोत्यांनी कळवलं की विषय पटतो, पण उदाहरणं फार जुनी आहेत. डोंगर, धूर, घडा, कुंभार. तक्रार रास्त आहे. म्हणून आज उदाहरण स्वयंपाकघरातलं घेऊ. लाईट गेली, थोड्या वेळानं धाडकन आली, आणि ओट्यावरचा मायक्रोवेव्ह मेला. पडदा काळा, बटण दाबलं तर साधा 'टुंग' नाही. आता काय करायचं?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहरात कुठल्याही विषयावर व्याख्यान होऊ शकतं आणि त्याला श्रोते मिळतात. त्यामुळे आम्हाला संकोच नाही. शिवाय या उदाहरणाचा एक फायदा आहे. डोंगरावर आग आहे की नुसतं धुकं, हे चुकलं तर परीक्षेत दोन मार्क जातात. इथे चुकलं तर घरातलं दुसरं यंत्र जातं, आणि अगदीच चुकलं तर माणूस जातो.

आधी 'बंद पडला' या शब्दाकडे पाहू. त्याच्या पोटात तीन निराळ्या गोष्टी आहेत. कधी आकडे दिसतात, आतला दिवा लागतो, ताटली फिरते, पण दूध गार ते गारच राहतं. कधी यंत्र सुरू होतं आणि दोन-चार सेकंदांत थांबतं. आणि कधी काहीच होत नाही, आकडे नाहीत, दिवा नाही, आवाज नाही. दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून 'आमचा मायक्रोवेव्ह बंद आहे' एवढंच म्हटलं, तर आपण त्याला काहीच सांगितलेलं नसतं. न्यायशास्त्रात आधी पक्ष ठरवावा लागतो, म्हणजे ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचं ती वस्तू. आपला आजचा पक्ष तिसरा, संपूर्ण काळा पडलेला.

'लाईट आल्यावर बंद पडला, म्हणजे लाईटमुळेच बंद पडला' हे वाक्य आपल्या तोंडून श्वासासारखं बाहेर पडतं. मराठीत यावर औषध आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय म्हणतात. पण म्हण पाठ असणारी माणसं उलट बाजूची चूक करतात. ती म्हणतात, छे, योगायोग आहे. फांदी आधीच किडलेली असेल आणि कावळ्याचं वजन निमित्त झालं असेल, हेही शक्य असतं. म्हणून आधी कावळ्याचं वजन बघू, म्हणजे लाईट येते-जाते तेव्हा तारेत नेमकं काय होतं ते.

लाईट जाणं पुणेकरांना नवं नाही. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची इथली रीत जुनी आहे. मोठ्या प्रमाणावर आठवायचं तर ९ फेब्रुवारी २०२२ची पहाट आठवा. दाट धुकं आणि दव यांमुळे लोणीकंद परिसरातल्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचा बराच भाग अंधारात गेला. जाणारी वीज सहसा काही बिघडवत नाही. बिघडतं ते ती परत येताना, कारण त्या क्षणी प्रत्येक घरातला फ्रिज आणि सोसायटीचा पंप एकदम ओढ घेतात आणि व्होल्टेज वर-खाली होतं.

आपण 'सर्ज' हा एकच शब्द वापरतो, पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या घटना येतात. पहिली क्षणाची. जवळपास वीज कोसळली, किंवा मोठा भार एकदम तुटला-जोडला गेला, की तारेतून उसळी येते. सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात येते आणि जाते. ती आली होती हे कळतं तेव्हा ती संपलेली असते.

दुसरी घटना जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं. आपल्या इमारतीत वीज बहुधा चार तारांनी येते, तीन फेज आणि एक न्यूट्रल. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात. दोन फेजच्या मध्ये मात्र ४०० व्होल्ट. इमारतीतले फ्लॅट या तीन फेजवर वाटलेले असतात. न्यूट्रल सगळ्यांचा समाईक. आता हा समाईक न्यूट्रल कुठेतरी ढिला झाला, गंजला, जळाला, तर काय होतं? वीज बंद पडेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. समजा तुमच्याकडे त्या वेळी २०० वॅटचं सामान चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याकडे ८०० वॅटचं. न्यूट्रल तुटला की ही दोन घरं ४०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये एकामागे एक जोडली जातात. ज्याच्याकडे भार कमी, त्याचा अवरोध जास्त, आणि ज्याचा अवरोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. हिशेब केलात तर तुमच्या घरात ३२० व्होल्ट येतात आणि शेजाऱ्याकडे ८०. म्हणजे ज्यानं काटकसरीनं दिवे मालवले त्याचं सामान जळणार, आणि ज्यानं घरभर दिवे-पंखे लावून ठेवले त्याचे दिवे नुसते मिणमिणणार. कर्मसिद्धांतावर बोलताना आम्ही हे उदाहरण टाळतो.

यातली खरी गोम अशी की ही घटना क्षणाची नसते. ती मिनिटं, तास चालू राहू शकते. तारा हलल्या की व्होल्टेज ठीक होतं, शेजारच्या फ्लॅटमधला गिझर लागला की पुन्हा चढतं. तुम्ही मेलेल्या मायक्रोवेव्हसमोर उभे राहून विचार करत असता, तेव्हा ज्यानं त्याला मारलं ते त्याच भिंतीत अजून हजर असतं. आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात नेमकं हेच घडलं. मायक्रोवेव्ह गेला, प्लगमध्ये वीज येते का ते बघायला त्या घरच्या बाईंनी तिथेच मिक्सर लावला. मिक्सरही गेला. मग सगळ्यांनी मिळून मायक्रोवेव्हच्या कंपनीला नावं ठेवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून पहिला प्रश्न मायक्रोवेव्हला विचारायचा नाही, घराला विचारायचा. मेलेला मायक्रोवेव्ह हा इथे धूर आहे. आग कुठे आहे आणि अजून पेटती आहे का, हे ठरवल्याशिवाय धुराला हात लावण्यात अर्थ नाही.

हे ठरवायचं कसं? आमच्या लहानपणी घरात साठ वॅटचे पिवळे बल्ब होते. व्होल्टेज चढलं की ते भगभगीत पांढरे पेटायचे, उतरलं की लालसर व्हायचे. पंखा जोरात फिरू लागला की आई आतून ओरडायची, 'अरे, रेडिओ बंद करा!' तिनं न्यायसूत्रं वाचली नव्हती, पण व्याप्ती तिला ठाऊक होती: जिथे दिवा भगभगतो तिथे व्होल्टेज चढलेलं असतं. आज तुमच्या घरात एलईडी दिवे आहेत. त्यांच्या आतला छोटा सर्किट बोर्ड व्होल्टेजचे बरेच चढउतार गिळून टाकतो आणि दिवा एकसारखा जळत राहतो. नवे कमी विजेवर चालणारे पंखेही तसेच. म्हणजे बाहेर सगळं शांत दिसतं आणि तारेत ३०० व्होल्ट असू शकतात.

आता आठवा, मागच्या व्याख्यानात आपण उपाधी पाहिली होती. जिथे धूर तिथे आग हे खरं. पण जिथे आग तिथे धूर हे खरं नाही, कारण धुरासाठी ओलं लाकूड लागतं. ओलं लाकूड ही तिथली उपाधी. आणि प्रतिउदाहरण कुठलं देतात? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही. एलईडी दिवा हा आपल्या घरातला लोखंडाचा गोळा आहे. 'दिवे तर नीट आहेत, म्हणजे व्होल्टेज नीट आहे' हे अनुमान आईच्या काळात चालत होतं, कारण दिवा तारेचा होता. ती उपाधी निघून गेली आणि अनुमान मात्र आपण वापरत राहिलो. हेत्वाभास काही आकाशातून पडत नाहीत. पुष्कळदा कालचा खरा हेतू आज आभास झालेला असतो.

त्यामुळे आमचा सल्ला असा की घरात एक जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, होल्डर, वायर आणि प्लग अशी जोडणी ठेवा. कुठल्याही वायरमनच्या पिशवीत हा टेस्ट लॅम्प असतो. तपकीर गल्लीत जाऊन सगळं सामान आणलंत तरी मायक्रोवेव्हच्या दुरुस्तीपुढे तो खर्च नगण्य आहे. पण जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. मायक्रोवेव्ह मेला की त्याचा प्लग बटण बंद करून काढा आणि आधी हा दिवा लावा. नेहमीसारखा पिवळा, स्थिर जळला तर ठीक. डोळे दिपवणारा पांढरा जळला, फट्‌कन गेला, किंवा मिणमिणत चढउतार करू लागला, तर मायक्रोवेव्हचा विषय तिथेच थांबला. घराचा मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना सांगा, महावितरणला १९१२ वर कळवा, आणि इमारतीच्या मीटरच्या खोलीतली जोडणी वायरमनकडून तपासून घ्या. कारण न्यूट्रल खांबावर तुटलेला असतो तसा मीटरपाशीही ढिला असतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर तो जास्त नेमकं सांगतो. पण ज्याला वापरता येतो त्यानंच वापरावा.

घराची वीज ठीक आहे असं ठरलं, की मग प्लग-पॉइंट. इथे आपल्याकडचं सर्वांत लाडकं आणि सर्वांत फसवं प्रमाण म्हणजे टेस्टर, स्क्रूड्रायव्हरसारखा, आत लाल दिवा असलेला. टेस्टर पेटला, म्हणजे वीज आहे, म्हणजे दोष मायक्रोवेव्हमध्ये. थांबा. टेस्टर तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी क्षीण प्रवाहावर पेटतो. तो एवढंच सांगतो की त्या भोकात फेज आहे. न्यूट्रल आहे का, हे तो सांगत नाही. आतली पट्टी जळून नुसती टेकल्यासारखी राहिली आहे का, हेही सांगत नाही. यंत्राला वीज यायला लागते तशी परत जायलाही वाट लागते. टेस्टर पेटणं हा अनैकांतिक हेतू झाला: वीज मिळते तिथेही दिसतो, मिळत नाही तिथेही दिसतो. टेस्ट लॅम्प मात्र दोन्ही तारा धडधाकट असल्याशिवाय नीट जळत नाही.

उलट टेस्टर पेटला नाही तर? मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानतात: टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण ते एक अट घालतात. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यानं काही सिद्ध होत नाही. टेस्टरचा आतला दिवाच गेलेला असेल तर त्याचं न पेटणं म्हणजे अंधारातला घडा. चांगला वायरमन काय करतो ते कधी नीट बघा. तो आधी चालू असलेल्या प्लगमध्ये टेस्टर घालून पेटतो का ते पाहतो, मग संशयाच्या जागी घालतो, आणि नंतर पुन्हा चालू जागी. त्याला ग्रंथाचं नाव विचारू नका. योग्यानुपलब्धी तो रोज आचरतो.

पॉइंटला वीज नसेल तर स्वयंपाकघराचा एमसीबी पडला आहे का ते पाहा. एकदा वर करा. पुन्हा पडला तर परत परत वर करू नका. तो हट्टीपणा करत नसतो, सांगत असतो.

पॉइंट ठीक निघाला की मायक्रोवेव्हला आणखी एक संधी द्यायची. प्लग काढलेलाच असू द्या, दहा मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा लावा. व्होल्टेज अर्धवट पडून परत आलं की आतली नियंत्रक चिप कधी कधी अडकून बसते. पूर्ण वीज काढून घेतली की ती पहिल्यापासून सुरू होते. हे फार वेळा घडत नाही, पण यात पैसे जात नाहीत आणि धोकाही नाही.

आता प्लग लावताना काय होतं याकडे लक्ष द्या, कारण डबा न उघडता मिळणारा हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. लावल्याबरोबर एमसीबी पडला, तर आत कुठेतरी दोन तारा एकमेकींना भिडल्यासारखा दोष आहे. प्लग काढा, पुन्हा लावू नका. एमसीबी पडला नाही आणि पडदा काळाच राहिला, तर आतली वाट कुठेतरी तुटलेली आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे, हे अर्थापत्तीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीपर्यंत वीज आहे आणि पडद्यापर्यंत नाही. मधली वाट तुटली आहे असं मानल्याशिवाय या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

ही मधली वाट कशी आहे? बहुतेक मॉडेलांत वायर आत शिरली की आधी एक फ्यूज लागतो, काचेचा किंवा चिनी मातीचा. त्याच्या आसपास व्हॅरिस्टर नावाची, शर्टाच्या गुंडीएवढी चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती निमूट बसते. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की स्वतःतून प्रवाह जाऊ देते, पुढचं वाचवते, आणि मोठ्या उसळीत स्वतः जळून फ्यूज उडवते. पुढे उष्णतेनं तुटणारे एक-दोन कटआउट असतात. मग एक लहानसा ट्रान्सफॉर्मर किंवा त्याचं काम करणारं सर्किट, जे पडद्याला आणि बटणांना थोडीशी वीज पुरवतं. इथपर्यंतचा भाग चोवीस तास विजेला जोडलेला असतो, तुम्ही काही गरम करा वा ना करा. पडद्यावरचं घड्याळ त्याच्यावरच चालतं.

आणि यानंतर एक दार आहे. रिले नावाचा विजेवर चालणारा स्विच, आणि मायक्रोवेव्हच्या दाराला जोडलेले दोन-तीन स्विच. तुम्ही 'स्टार्ट' दाबाल तेव्हाच ही वाट पुढे उघडते. तिच्या पलीकडे जड ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर, डायोड आणि खुद्द मॅग्नेट्रॉन, जो १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी घडवला आणि युद्ध संपल्यावर स्वयंपाकघरात आला.

आता परामर्श करा. (आपल्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं आपल्या मराठी नियतकालिकाला हेच नाव दिलं. हेतू, व्याप्ती आणि पक्ष एकत्र पाहणं, असा त्याचा अर्थ.) लाईट आली तेव्हा मायक्रोवेव्ह चालू नव्हता. चालू नव्हता तर रिले उघडा होता. रिले उघडा होता तर पलीकडच्या भागापर्यंत वाढलेलं व्होल्टेज पोचायला वाट नव्हती. म्हणून मॅग्नेट्रॉन आणि मोठा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे यंत्रातले सर्वांत महाग भाग, बहुधा शाबूत आहेत. मेला असेल तर फ्यूज, व्हॅरिस्टर, छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा नियंत्रक बोर्डाचा काही भाग. या अनुमानाला उपाधी आहे ती 'चालू नव्हता' हीच. भाजी गरम होत असताना लाईट गेली-आली असेल, तर सगळी साखळी निसटते. म्हणून त्या क्षणी यंत्र चालू होतं का, 'फट्' असा आवाज आला का, जळल्याचा वास आला का, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. आठ दिवसांनी मेकॅनिक येईपर्यंत आपली स्मृती त्याच्या सोयीनं वळते.

इथपर्यंत आलात की हातात स्क्रूड्रायव्हर घ्यावासा वाटतो. निवृत्त इंजिनिअरांना तर फारच. फ्यूजच तर बदलायचा आहे, व्हिडिओत पाहिलंय. इथे आमचं म्हणणं स्पष्ट आहे: मायक्रोवेव्हचं पत्र्याचं आवरण घरी उघडायचं नाही.

कारण कॅपॅसिटर. आतला मोठा ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट तयार करतो, आणि कॅपॅसिटर व डायोड मिळून ते चार हजारांच्या आसपास नेतात. मिक्सर, इस्त्री यांत असं काही नसतं. कॅपॅसिटर वीज साठवतो, आणि प्लग काढल्यावरही ती त्यात राहू शकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. तो पीळ उतरवण्यासाठी आत एक रेझिस्टर बसवलेला असतो खरा, पण तोच निकामी झाला असेल तर बाहेरून काही दिसत नाही. वेदान्तात दोरीच्या जागी साप दिसतो आणि माणूस उगीच घाबरतो. इथे उलटा प्रकार आहे. दिसते दोरी, पत्र्याची एक साधी चपटी डबी, आणि असतो साप. 'प्लग तर काढलाय' या वाक्यानं तो मरत नाही. शिवाय प्लग काढायला विसरलेल्याला तर दुसरी संधीही मिळत नाही. प्रत्यक्ष हे सर्वांत ज्येष्ठ प्रमाण आहे हे मान्य, पण काही ठिकाणी हात लावून खात्री करण्याचा अधिकार ज्याला ती डबी रिकामी कशी करायची हे येतं त्यालाच आहे.

मग उरतं शब्दप्रमाण, म्हणजे मेकॅनिक. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं आप्त कोणाला म्हणायचं हे सांगितलं आहे: ज्याला वस्तूचं खरं ज्ञान आहे आणि जे जाणलं ते तसंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सर्वांना सारखंच लागू. आम्हाला हे वाक्य फार आवडतं. कंपनीच्या अधिकृत केंद्रातून गणवेश घालून आलेला असो की गल्लीतल्या दुकानात बसलेला असो, कसोटी एकच. या कसोटीत दोन भाग आहेत हेही बघा. ज्ञान असून इच्छा नसली तर चालत नाही, आणि इच्छा असून ज्ञान नसलं तरी नाही.

ही कसोटी लावायला तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. वर केलेलं अनुमान हाताशी असलं की पुरे. समजा, तो म्हणाला, 'फ्यूज उडाला होता, बदलला, झालं.' फ्यूज हे कारण नाही, कार्य आहे. तो कशानं उडाला हे विचारा. व्हॅरिस्टर जळला होता का? की दाराचे स्विच झिजले होते? दाराचे स्विच नीट जुळले नाहीत तर दार उघडं असताना किरण बाहेर येऊ नयेत म्हणून एक स्विच मुद्दामच फ्यूज उडवतो. तसं असेल तर लाईट आणि मायक्रोवेव्ह यांचा संबंध खरोखर कावळा-फांदीचा ठरतो, आणि नुसता नवा फ्यूज टाकलात तर तो दार जोरात लावलं की पुन्हा उडेल. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घातली आहे असं दिसलं, तर ते यंत्र त्याच्याकडून परत घ्या. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा आणि ज्या जातीचा होता तेवढ्याचा, त्याच जातीचा हवा.

तो म्हणाला, 'मॅग्नेट्रॉन गेलाय', तर शांतपणे सांगा की लाईट आली तेव्हा यंत्र बंद होतं आणि पडदाही लागत नाही. पडदा लागत नसताना मॅग्नेट्रॉनपर्यंत त्याची तपासणी पोचली कशी? उत्तर असू शकतं. चांगला मेकॅनिक तो भाग वेगळा काढून मोजू शकतो. पण प्रश्न ऐकून तो चिडला तर तुमचं काम झालं. 'अख्खा बोर्ड बदलावा लागेल' हे सर्वांत जास्त ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, कारण बोर्डावरची चिपच जळलेली असते. पण कधी त्या बोर्डावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा ती गुंडीएवढी चकती एवढंच गेलेलं असतं. दोन्ही वेगळं तपासलं का, हे विचारा आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्या. यंत्र दहा वर्षांचं असेल आणि बोर्डाची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर तत्त्वज्ञान सोडून हिशेब करावा.

पुढच्या वेळेसाठी काय करावं हे आम्हाला नेहमी विचारतात. स्पाइक गार्ड क्षणाच्या उसळीला थोडाफार उपयोगी पडतो. तुटलेल्या न्यूट्रलपुढे तो टिकत नाही, कारण त्याच्याही आत तीच चकती असते आणि ती मिनिटभर जळत राहू शकत नाही. साध्या स्टॅबिलायझरची हालचाल उसळीच्या मानानं संथ असते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की घराची वीज तोडणारं आणि ते ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडणारं उपकरण मीटरनंतर बसवून मिळतं. न्यूट्रलच्या दोषावर तेच खरं उत्तर. आणि बिनखर्चाचं म्हणाल तर लाईट गेली की मायक्रोवेव्हचा प्लग काढायचा, परत आल्यावर दहा मिनिटांनी लावायचा.

दुरुस्त होऊन आला की मेकॅनिक जायच्या आत तपासून घ्या. रिकामा चालवू नका. आत काही नसलं तर सगळी शक्ती मॅग्नेट्रॉनवरच उलटते. एक लीटर साधं पाणी काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घ्या, थर्मामीटरनं तापमान बघा, पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट चालवा, ढवळा आणि पुन्हा बघा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७०नं गुणा. तेवढे वॅट पाण्यात उतरले. दहा अंश वाढलं तर ७०० वॅट. यंत्राच्या पाटीवर ८०० लिहिलं असेल आणि साडेदहा-अकरा अंश वाढ मिळाली, तर पैसे द्यायला हरकत नाही. चार-पाचच अंश मिळाले, तर त्याला पाणी दाखवा आणि खुर्ची द्या, बसू दे. आता प्रश्न घेऊ.